पंपावरचं हेल्मेट

१

अकोल्यात हेल्मेट ही डोक्यात घालायची वस्तू नाही. कोणी ते आरशाला अडकवतं, कोणी टाकीवर ठेवतं, कोणी कोपरात घालून नेतं, आणि चौकात शिट्टी ऐकू आली की तेवढ्यापुरतं डोक्यावर चढवतं. मी हे हसण्यावारी सांगत असलो तरी मीही त्यातलाच. उन्हाळ्यात डोकं उकडून निघतं, केस गळतात, मागचं ऐकू येत नाही, अशी कारणं माझ्याकडेही तयार असायची. फरक इतकाच की मी वकील आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांत मी विमा कंपनीच्या बाजूने उभा राहतो, आणि मेलेल्या माणसाच्या डोक्यात हेल्मेट नव्हतं हे कोर्टाच्या लक्षात आणून देणं हे माझं निम्मं काम. त्या कोर्टात मी स्वतः मात्र बोडक्या डोक्याने गाडी चालवत जायचो.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरून हुकूम आला की हेल्मेट नसेल त्याला पेट्रोल द्यायचं नाही. पंपापंपावर कॅमेरे तपासले जाऊ लागले. आठवडाभर बाचाबाची झाली आणि मग लोकांनी आपला मार्ग काढला. आमच्या जुन्या शहरातून बाळापूरच्या रस्त्याला लागलं की एक पंप आहे. तिथे हवेच्या मशीनजवळच्या खिळ्याला एक हेल्मेट लटकू लागलं. कधीकाळी पांढरं असावं. काच नव्हती आणि पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं. लाइनीतल्या माणसाने ते डोक्यात घालायचं, कॅमेऱ्यासमोर पेट्रोल भरून घ्यायचं, काढायचं आणि मागच्याच्या हातात द्यायचं. सकाळच्या गर्दीत ते खिळ्यावर परत जायचंच नाही, डोक्याडोक्यावरून पुढे सरकत राहायचं.

पंपावर शालिकराम नावाचा माणूस नोझल धरायचा. ‘घाला’ आणि ‘काढा’, एवढे दोनच शब्द तो दिवसभर बोलायचा. बाळापूरला माझी काही किरकोळ कामं चालू होती, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मी त्या लाइनीत असायचो. ते हेल्मेट कुणाचं आणि तिथे आलं कुठून, हे मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नसावं.

२

चैत्र संपत आला होता. कोर्टाची वेळ व्हायची होती, तरी ऊन आताच पाठीला चावायला लागलं होतं. पुढच्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं, मी घातलं. एरवी ते घातलं की बाहेरचे आवाज बसके व्हायचे, कानाला तांब्या लावल्यावर होतात तसे, आणि आत दुसऱ्याच्या घामाचा वास यायचा. त्या दिवशी आवाज बसके झाले नाहीत. ते गेलेच.

त्यांच्या जागी वारा आला. गाडी हायवेवर वेगात असली की कानाशी लागतो तो वारा. मी तर गाडीवरून उतरून, टाकीचं झाकण उघडून उभा होतो. वाऱ्याच्या आड काहीतरी वाजत होतं. पत्र्यावर पत्रा, थांबून थांबून, रस्त्यातल्या खड्ड्यांच्या हिशेबाने. मग एकदम जवळ, डाव्या हाताला, खट् असा आवाज झाला. मोटारीचं दार आतून उघडताना होतो तो. त्यानंतर वारा थांबला. हळूहळू कमी होऊन नाही, मध्येच तुटून.

शालिकराम काढा म्हणाला तेव्हा मी हेल्मेट काढलं. लाइनीत माझ्या मागे पुंजाजी होता. आमच्या गल्लीला दूध घालणारा, पन्नाशीचा, कानात बाळी असलेला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन टांगलेले होते. गाडी बंद होती, तो एक पाय टेकून उभा होता आणि कॅन जागचे हलत नव्हते. हे मी मुद्दाम पाहिलं, धंद्याची सवय. आवाज कॅनचा होता आणि कॅन तर शांत होते.

त्याने हात पुढे केला, मी हेल्मेट दिलं. ऊन्ह लई पडून राह्यलं, असं काहीसं तो म्हणाला आणि मी हो म्हणालो. रस्त्याने जाताना मी स्वतःला समजावलं की काच नसलेल्या हेल्मेटमध्ये हायवेवरचा वारा शिरला असेल, कॅन आधी वाजले असतील आणि मला उशिरा ऐकू आले असतील. उशिरा ऐकू येणं म्हणजे काय, ते मात्र मला नीट सांगता आलं नसतं.

३

त्याच आठवड्यात एका सकाळी दूध आलं नाही. माझी बायको सिंधू खाली जाऊन आली आणि तिने सांगितलं की पुंजाजी गेला. बायपासला कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीतल्या माणसाने खर्रा थुंकायला दार उघडलं, मागे न बघता. पुंजाजी दारावर आदळून रस्त्यावर पडला आणि मागून ट्रक येत होता. थुंकणाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो, कारण लाज इथूनच सुरू होते. डोक्यात हेल्मेट नसणार, असा तो विचार होता. रोज सकाळी ज्याच्या हाकेने आमचं दार उघडायचं त्या माणसाबद्दल, चहाचा कप हातात असताना. दाराचा तो खट् आवाज त्यानंतर आठवला.

मग मी माझीच उलटतपासणी घेतली. साक्षीदाराला मी नेहमी विचारतो की तुम्हाला जे नंतर कळलं ते आधीच ऐकल्यासारखं आता वाटतं आहे, बरोबर? साक्षीदार गोंधळतो, न्यायाधीश मान हलवतात. मीही गोंधळलो आणि मीच मान हलवली. प्रकरण तिथे मिटवलं. पुंजाजीच्या घरी भेटायला जायचं राहूनच गेलं.

४

पुढच्या काही खेपांना हेल्मेटमध्ये काही ऐकू आलं नाही. घामाचा वास आणि शालिकरामचे दोन शब्द, बस. मी निर्धास्त झालो होतो. त्या दिवशी तर मी घाईत होतो आणि डोक्यात तारखेचे विचार होते.

हेल्मेट घातलं आणि पंप गेला.

या वेळी वारा जोराचा नव्हता. एखादी जुनी लुना दमाने चालली असावी तेवढाच. नंबरप्लेट सैल असल्यासारखी थरथर. आणि एका बाईचा आवाज, अगदी माझ्याच कानात, स्वतःशी बोलत असलेला. ‘कुकर बंद केला नं मी?’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘केला. केला असन.’ मग दुरून एक धून ऐकू आली. टिप्पर मागे घेताना वाजते ती, लग्नातल्या गाण्याची. धून जवळ आली. बाई म्हणाली, ‘अरे, अरे, दादा.’ नंतर काही नाही. हे ‘काही नाही’ माझ्या कानात बराच वेळ होतं.

मी हेल्मेट उपसून काढलं. पंप होता तसा होता. माझ्या मागे एक बाई लुना धरून उभी होती. चाळिशीची, अंगणवाडीच्या मदतनिसांची गुलाबी साडी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, मागे डब्याची पिशवी. तिचं नाव माणिकबाई, ते मला पेपरातून नंतर कळलं. मी हेल्मेट दोन्ही हातांत धरून तिच्याकडे बघत राहिलो. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

‘काय झालं भाऊ?’ ती म्हणाली. ‘द्या नं, मले उशीर होऊन राह्यला.’

आता सांगायची वेळ होती. वेळ भरपूर होती. पण सांगायचं काय? ताई, तुम्ही आज गाडीवर जाऊ नका, मला हेल्मेटमध्ये तुमचं मरण ऐकू आलं? लाइनीतल्या दहाजणांसमोर, माझ्या ओळखीच्या दोन अशिलांसमोर, काळा कोट घालून? लोक हसले असते. संध्याकाळपर्यंत बाररूममध्ये गेलं असतं की कमलाकांत वकिलाला ऊन लागलं. मी जिभेवर आलेलं गिळलं आणि म्हणालो, ‘काही नाही. आतून घामेजलंय, जरा पुसून देतो.’

आणि मी खरंच खिशातून रुमाल काढला, ते हेल्मेट आतून नीट पुसलं आणि मान खाली घालून तिच्या हातात दिलं. तिने दुपट्ट्यावरून ते चढवलं. लुना पुढे ढकलत ती स्वतःशीच म्हणाली, ‘कुकर बंद केला नं मी?’

तोच आवाज. शब्दही तेच.

मी पुढे जाऊन कडेला थांबलो. ती निघाल्यावर तिच्या मागे निघालो. वाटेत एखादी संधी मिळेल, मग सांगू, असं मनात होतं. नंबरप्लेट थरथरत होती. मी गाडी तिच्या जवळ नेली. अनोळखी बाईच्या गाडीला गाडी लावणारा माणूस बघणाऱ्यांना कसा दिसतो ते मला माहीत होतं, म्हणून मी नुसता हॉर्न वाजवला. तिला वाटलं मला पुढे जायचं आहे. तिने लुना अगदी कडेच्या मातीत घेतली आणि हाताने खूण करून मला जागा दिली.

मी गेलो.

५

रस्ता रुंद करायचं काम चालू होतं त्या ठिकाणी ते झालं. टिप्परचा ड्रायव्हर मोबाइलवर बोलत मागे येत होता आणि मागे बघायला त्याने कुणाला उतरवलंच नव्हतं. पेपरात चार ओळींची बातमी होती. मी ती वाचली, पेपर घडी करून ठेवला, आणि पुन्हा उघडून वाचली. सिंधूने विचारलं की कुणी ओळखीचं होतं का. मी नाही म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

त्या दिवसापासून मला स्वतःचे हात बघवेनात. पुसताना हेल्मेटच्या आतल्या फोमचा ओलावा ज्या रुमालाला लागला होता, तो रुमाल मी धुवायला टाकला नाही आणि फेकलाही नाही. काय करावं ते सुचलं नाही.

दुपारची सामसूम असताना मी पंपावर गेलो. शालिकराम सावलीत बसून शेंगा खात होता. ते हेल्मेट खिळ्याला टांगलेलं होतं. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की तू हे कधी डोक्यात घातलंस का.

‘नाई साहेब.’

‘काहून?’ मीही त्याच्याच भाषेत गेलो.

तो शेंगांची टरफलं गोळा करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काय आयकलं ते मले सांगू नका साहेब. मी कोनालेच सांगू देत नाई.’

ऐकण्याबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो. कोण कोण सांगायला आलं होतं, हे मला विचारता आलं असतं. मी ते विचारलं नाही. त्याऐवजी म्हणालो की हे हेल्मेट काढून टाक इथून. तो म्हणाला की मग लोकांना पेट्रोल कसं देऊ, लोक त्याला मारतील. ‘तुम्ही वकील आहात, लेखी द्या, मालकाले दाखवतो,’ असंही म्हणाला.

घरी येऊन मी कागद घेतला. खाली सही करणार याद्वारे कळवतो की, इथपर्यंत लिहिलं. पुढे कळवायचं तर सगळंच कळवावं लागलं असतं, रुमालासकट. कागद चुरगाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःसाठी नवं हेल्मेट आणलं, चांगलं, काचेचं. सिंधूला फार बरं वाटलं. तिने शेजारच्या गोदाबाईंना बोलावून दाखवलं की आमच्या यांना कायद्याची किती चाड आहे बघा. गोदाबाई म्हणाल्या की शिकलेल्या माणसाचं असंच असतं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या पंपाला मी जाणं बंद केलं, दुसरीकडे भरू लागलो. माझ्यापुरता प्रश्न सुटला होता, आणि तो असा सुटावा याचीच लाज सगळ्यांत जास्त वाटत होती.

६

आमची एकुलती एक मुलगी देवश्री. घरात तिला सगळे देवू म्हणतात. तिच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र नेमकं बाळापूरच्या कॉलेजात आलं. सिंधू तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला गेलेली होती, म्हणून मीच देवूला गाडीवर घेऊन जाणार होतो. दोन वर्षं त्या पोरीने पंख्याखाली ओला टॉवेल खांद्यावर टाकून अभ्यास केला होता. परीक्षा हुकली असती तर वर्ष गेलं असतं.

सकाळी निघालो तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशीच गचके खायला लागली. रिझर्व्हवर घेतली. माझ्या नेहमीच्या पंपावर जायचं तर उलट दिशेने अख्खं गाव ओलांडावं लागलं असतं. जवळ तो एकच होता. मी मनाशी म्हटलं, माझं हेल्मेट माझ्या डोक्यात आहे, मला त्याला हात लावायचं कारण नाही.

लाइन छोटी होती. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, चाळिशी उलटलेले, पांढरा शर्ट, छातीवर आडवी बॅग. शाळामास्तर असावेत. त्यांनी ते हेल्मेट घातलं. देवू माझ्या मागे बसल्या बसल्या तोंडाला दुपट्टा बांधून सूत्रं पुटपुटत होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो, रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीकडे.

शालिकरामचं काढा ऐकू आलं. मग पुन्हा एकदा काढा. मी वळून पाहिलं. ते गृहस्थ हलत नव्हते. त्यांचा एक हात हनुवटीखालच्या तुटक्या पट्ट्यावर होता आणि मान जराशी कलली होती, लांबून कुणी हाक मारत असेल तर आपण ऐकतो तशी. मग त्यांनी हेल्मेट काढलं. घामाने चेहरा निथळत होता. ते मागे वळले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून त्यांनी देवूकडे पाहिलं.

‘बाई,’ ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘तुमचं नाव देवश्री आहे का?’

देवूने तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला. ‘हो. तुम्ही कसं ओळखलं?’

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि लगेच मान खाली घातली. ती मान कशी खाली जाते ते मला आतून माहीत होतं.

मी विचारलं, ‘काय ऐकलं तुम्ही?’ ते म्हणाले काही नाही, काही नाही. माझ्या डोक्यात माझं हेल्मेट असूनही त्यांनी पंपावरचं माझ्या हातात कोंबलं, उरलेले पैसे परत न घेताच गाडी सुरू केली आणि निघून गेले, गावाच्या दिशेने.

देवू मागून म्हणत होती की बाबा, हे कोण होते, तुमचे ओळखीचे का. मी ऐकत नव्हतो. मी एकच विचार करत होतो. घरात तिला सगळे देवू म्हणतात. मीही देवूच म्हणतो. देवश्री हे पूर्ण नाव मी फक्त ओरडताना घेतो.

हातातलं हेल्मेट मी मागच्याला दिलं. तो कोण होता ते पाहिलंसुद्धा नाही.

७

मी गाडी ढकलत कडेला नेली, स्टँडवर लावली आणि किल्ली काढून घेतली. देवूला म्हणालो की ब्रेक लागत नाही, आपण बसने जाऊ. तिने खाली वाकून ब्रेक दाबून पाहिला. ‘लागतो आहे की,’ ती म्हणाली. मग म्हणालो की मला चक्कर येते आहे. ती म्हणाली मी चालवते, मला येते. ती खरंच मागच्या सीटवरून पुढे सरकायला लागली.

तेव्हा मी सांगितलं. रस्ता ओलांडून पलीकडच्या बसथांब्याच्या शेडमध्ये जाईपर्यंत आणि तिथे उभं राहून, सगळं. पुंजाजीचं दार सांगितलं, कुकर सांगितला. जगात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते सांगितलं ते त्या बाईसाठी नाही, माझ्या मुलीने गाडीवर बसू नये म्हणून. माझं झाल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

‘त्यांनी गाडी मातीत घेऊन तुम्हाला जागा दिली?’

‘हो.’

‘आणि तुम्ही गेलात.’

मी म्हणालो की कुणी विश्वास ठेवला नसता. ती म्हणाली, ‘मी ठेवला ना, आत्ता.’

मग ती माझ्यापासून जराशी दूर सरकून उभी राहिली आणि पंपाकडे बघू लागली. मलाही बघावं लागलं. लाइन पुढे सरकत होती. माणसं हेल्मेट घालत होती, काढत होती, हसत-बोलत मागे देत होती. आंब्याच्या पेट्या बांधलेला एक जाडसर माणूस नोझलजवळ आला. त्याने घातलं. काढलं. आणि ते हातात धरून तो उभाच राहिला. त्याच्या मागे गाडीवर एक जोडपं होतं, लग्नाला फार दिवस झाले नसावेत, मुलीच्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. जाडसर माणसाने त्या दोघांकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि हेल्मेट दिलं.

‘बाबा, ते बघा,’ देवू म्हणाली. ‘बाबा, त्यांना सांगा.’

मी रस्त्याकडे पाहिलं. मधून ट्रक जात होते. तिकडे जाऊन ज्याच्यासमोर बोलायचं तो शालिकराम तिथेच होता, आणि लाइनीत एक माझा अशील होता. मी म्हणालो, ‘बस येईल आता. तुझा पेपर आहे.’

तिने बॅग शेडमध्ये टाकली आणि ती पळाली. दुभाजकापर्यंत पोचली. पुढे ट्रकांची रांग तुटत नव्हती. ती दोन्ही हात हलवत ओरडू लागली, थांबा, जाऊ नका, गाडीवर जाऊ नका. तोवर जोडपं पेट्रोल भरून रस्त्याला लागलं होतं. त्या पोराला कोणीतरी हात करताना दिसलं. रस्त्यावर अनोळखी माणूस असे हात करतो तो कशासाठी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याने खाली पाहिलं, पायाने साइड स्टँड चाचपला, तो वर असल्याची खात्री केली. मग देवूकडे बघून हसला, हात उंचावून तिचे आभार मानले, आणि बाळापूरच्या दिशेने निघून गेला. मागच्या मुलीनेही हात हलवला.

देवू दुभाजकावर तशीच उभी होती. बस आली. मी तिची बॅग उचलली, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो आणि चल म्हणालो. ती आली.

बसमध्ये गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, माझ्या हातातून बॅग घेतली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. ती उचलून मांडीवर घेईल म्हणून मी वरच्या दांडीला धरून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला की साहेब, बसा नं मागं, जागा आहे. मी राहू द्या म्हणालो.

बायपासच्या पुढे बस हळू झाली, मग थांबली. पुढे वाहनं खोळंबली होती आणि शेतांतून माणसं रस्त्याकडे धावत येत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळे प्रवासी उठून डाव्या बाजूच्या खिडक्यांशी गेले, कोणीतरी अरेरे म्हणालं, एका म्हाताऱ्याने डोळ्यांवरून हात फिरवला.

देवू खिडकीशीच होती. ती बाहेर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.